खेळाडूंच्या कार्डांचा जुना संग्रह विकताना: उक्ता सौदा, एकेका कार्डाची विक्री आणि ग्रेडिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या मागे राहिलेली सुमारे चार हजार कार्डं (पाकिटांतून मिळणारी, खेळाडूंचं चित्र असलेली), बहुतेक बेसबॉल आणि बास्केटबॉलची, 1970 च्या दशकापासून 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंतची. सोबत दोन न उघडलेल्या पेट्या. एका व्यापाऱ्याने सगळ्यासकट एक उक्ती रक्कम सांगितली आणि ती ऐकून तुम्हाला फसवलं जातंय असं वाटलं. दुसरीकडे एक मित्र म्हणतोय, आधी ग्रेडिंग (म्हणजे कंपनीकडून तपासून कार्डाचा दर्जा ठरवणं) करून घे, भाव दुप्पट होईल.

व्यापारी तुम्हाला फसवत असेलही, पण आकडा कमी आहे एवढ्यावरून ते ठरत नाही. इंटरनेटवर दिसणारा भाव हा एका कार्डाचा असतो, आणि तोही ते योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोचल्यानंतरचा. चार हजार कार्डं तिथवर पोचवायची म्हणजे ती ओळखायची, निवडायची, त्यांचे फोटो काढायचे, वर्णन लिहायचं, फुकटच्या चौकशांना उत्तरं द्यायची, पॅकिंग करायचं, टपालात टाकायचं आणि एखादं परत आलं तर तेही निस्तरायचं. व्यापारी हे सगळं काम अंगावर घेतो आणि त्याची मजुरी तुमच्या रकमेतून कापतो. तेव्हा यातलं किती काम तुम्ही स्वतः करणार, हे आधी ठरवा. जेवढं कराल तेवढा वाटा तुमच्याकडे राहील. मात्र यातली काही कामं अशी आहेत की ती केली तरी मजुरी सुटत नाही, आणि नवखा माणूस नेमका त्यातच अडकतो.

पहिलं काम निवडीचं, आणि ते कुणालाही देऊ नका. संग्रहाची बहुतेक सगळी किंमत मूठभर कार्डांत असते. चार हजारांतली साठ-सत्तर कार्डं एका बाजूला आणि उरलेली सगळी दुसऱ्या बाजूला ठेवली, तरी पारडं या साठ-सत्तरांकडेच झुकेल. ती कुठली, हे व्यापाऱ्याला पंधरा मिनिटांत कळतं. तुम्हालाही ते कळलं की सौद्यात तुम्ही बरोबरीने बसता.

आधी वर्षांनुसार ढीग करा. जुन्या कार्डांवर छपाईचं वर्ष नसतं किंवा नीट दिसत नाही. अशा वेळी मागची आकडेवारी बघा. शेवटचा हंगाम ज्या वर्षाचा, त्याच्या पुढच्या वर्षीचं ते बेसबॉल कार्ड, हा आडाखा बहुतेक वेळा बरोबर येतो. मग 1987 ते 1993 या काळातली कार्डं वेगळी काढा. या वर्षांत कंपन्यांनी इतकी अफाट छपाई केली की संग्राहक त्या काळाला सरळ 'जंक वॅक्स', म्हणजे मेणकागदी पाकिटांतला भंगार माल, म्हणतात. लोकांनी ती गुंतवणूक समजून खोक्यांनी भरून ठेवली, कुणीच फेकली नाहीत, त्यामुळे आज ती सगळीकडे आहेत. टॉप्स या कंपनीच्या 1952 च्या कार्डांचं उलटं झालं. त्या संचातली शेवटची, म्हणजे 311 ते 407 क्रमांकांची कार्डं हंगामाच्या अखेरीस बाजारात आली आणि खपली नाहीत. पडून राहिलेला साठा कंपनीने 1960 मध्ये बोटीवर चढवून समुद्रात बुडवला. बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड नेमकं क्रमांक 311. त्याची एक उत्तम अवस्थेतली प्रत 2022 च्या ऑगस्टमध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेली.

जंक वॅक्सचा ढीग अख्खा टाकून देऊ नका, पण त्यात काय शोधायचं ते ठरवून शोधा. 1990 च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर पुढच्या बाजूला नावच छापायचं राहून गेलं. ती प्रत मिळाली तर तुमचा आठवडा कारणी लागला. 1984 ते 1991 या वर्षांत टॉप्सने नेहमीच्या संचाची 'टिफनी' नावाची चकचकीत, पांढऱ्या पुठ्ठ्यावरची मर्यादित आवृत्ती काढली होती. समोरून चित्र तेच, म्हणून ती सहज नजरेतून सुटते. मागचा पुठ्ठा नेहमीच्या करड्याऐवजी पांढरा दिसला तर थांबा. 1993 च्या टॉप्स फाइनेस्टमधली रिफ्रॅक्टर कार्डं प्रत्येकी 241 च्या आसपास निघाली असं मानलं जातं. उजेडात तिरकी धरली की त्यांच्यावर इंद्रधनुषी झाक दिसते. त्याच वर्षीच्या अपर डेक या कंपनीच्या एसपी संचातल्या डेरेक जीटरच्या कार्डाचा फॉइल इतका नाजूक आहे की कडेचे टवके पाकिटातच उडायचे, त्यामुळे निर्दोष प्रत दुर्मीळ. 1989 च्या अपर डेकमधलं केन ग्रिफी ज्युनियरचं क्रमांक 1 चं कार्ड तुमच्याकडे नक्की असेल. ते सगळ्यांकडेच असतं. आवडतं कार्ड आहे, विकलंही जातं, पण तेवढ्याने घर बांधून होणार नाही.

1986 च्या आधीच्या ढिगाला मात्र सावकाश हात घाला. 1975 च्या टॉप्समध्ये जॉर्ज ब्रेट आणि रॉबिन यूंट यांची रूकी (म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीची, पहिली) कार्डं आहेत, आणि त्याच वर्षी प्रयोग म्हणून काढलेली छोट्या आकाराची आवृत्तीही आहे. नेहमीच्या कार्डाशेजारी ठेवून आकार बघा. 1980 मध्ये रिकी हेंडरसन. 1980-81 च्या टॉप्स बास्केटबॉलमध्ये एका कार्डावर तीन खेळाडू असून मधे टोचे मारलेले आहेत. लॅरी बर्ड, ज्युलियस अर्विंग आणि मॅजिक जॉन्सन एकत्र असलेलं कार्ड अखंड असेल तर ते या संग्रहातलं सर्वांत महत्त्वाचं कार्ड ठरू शकतं. त्या काळी मुलांनी ती कार्डं टोच्यांवरून फाडून वेगळी केली, म्हणून कृपा करून तुम्ही 'नीट लावायला' ती सुटी करू नका. 1986-87 च्या फ्लिअर कंपनीच्या बास्केटबॉल संचात क्रमांक 57 वर मायकेल जॉर्डन आहे. मधे कुठे हॉकीची कार्डं मिसळलेली असतील तर 1979-80 चा वेन ग्रेट्स्की शोधा. टॉप्सपेक्षा कॅनडात छापलेल्या ओ-पी-ची कंपनीच्या प्रतीला जास्त भाव आहे. त्या कार्डांच्या कडा खरखरीत, जणू फाटल्यासारख्या असतात. बऱ्याच जणांना तो दोष वाटतो, पण कारखान्यातलं कापकामच तसं होतं. उलट ओ-पी-चीची कड सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत असेल तर मला आधी शंका येते.

नक्कल ओळखण्याबद्दल दोन शब्द, कारण जॉर्डन आणि ग्रेट्स्की ही सर्वांत जास्त नकला झालेली कार्डं आहेत. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खऱ्या कार्डावर चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं आणि रेघा सलग, भरीव शाईच्या असतात. कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं की अक्षरंही ठिपक्यांची होतात. फार जुन्या कार्डांसाठी अतिनील दिवा कामी येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं नसत, त्यामुळे त्या काळचं म्हणून दाखवलेलं कार्ड दिव्याखाली निळसर पांढरं चमकलं तर ते नंतरचं आहे. टॉप्सने 1983 मध्ये स्वतःच 1952 च्या संचाचं पुनर्मुद्रण केलं होतं. ते आकाराने मूळ कार्डांपेक्षा लहान आहे आणि मागे तसं छापलेलंही आहे. घरात अचानक मँटल सापडला की आधी पट्टी घ्या.

आणि हो, कार्डं पुसू नका. खोडरबर, ओलं फडकं, काचेवर मारायचा फवारा, काहीही नको. दुमडलेला कोपरा दाबून सरळ करू नका. स्क्रूने आवळायच्या जुन्या जाड प्लास्टिकमध्ये एखादं कार्ड असेल तर हलक्या हाताने बाहेर काढा. त्या दाबाने कार्ड चपटं होऊन पसरतं आणि ग्रेडिंग कंपनी ते फेरफार झालेलं म्हणून परत पाठवू शकते. कडा कापून धारदार केलेल्या कार्डाचीही तीच गत. बेसबॉलपटू होनस वॅगनरचं टी206 या जुन्या संचातलं जे कार्ड पीएसए या ग्रेडिंग कंपनीने 1991 मध्ये अगदी पहिलं म्हणून ग्रेड केलं, ते आपणच कापलं होतं, हे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये कबूल केलं.

आता भाव. मागितलेल्या किमती बघूच नका. माणूस काय वाटेल ते मागतो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या दाखवता येतात, तिथे बघा. तेच वर्ष, तीच कंपनी, तोच क्रमांक, तीच अवस्था असलेले ताजे पाच-सात व्यवहार घ्या आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा सोडून द्या. एक खाच आहे: गिऱ्हाइकाने सांगितलेला कमी भाव, म्हणजे 'ऑफर', स्वीकारून झालेल्या विक्रीत आधी मागितलेली किंमत खोडलेली दिसते, प्रत्यक्षात मिळालेली रक्कम दिसत नाही. तो आकडा धरून गणित केलंत तर फुगवून कराल. ग्रेड नसलेल्या कार्डाची तुलना ग्रेड झालेल्याशी करू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण दर आठवड्याला पडते. आणि जुने उच्चांक धरून बसू नका. जॉर्डनच्या त्याच फ्लिअर कार्डाच्या पीएसए 10 दर्जाच्या दोन प्रती 2021 च्या जानेवारीत प्रत्येकी 7 लाख 38 हजार डॉलरला गेल्या. पुढच्या वर्षभरात तोच दर्जा निम्म्याहून कमी भावाला मिळू लागला.

ग्रेडिंगबद्दल तुमच्या मित्राचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पीएसए, एसजीसी, बेकेट या कंपन्या कार्ड तपासतात, 1 ते 10 मधला दर्जा देतात आणि सीलबंद प्लास्टिकमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून पाठवतात. सेंटरिंग (चित्र किती मधोमध छापलंय), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग या चार गोष्टी बघितल्या जातात. सगळं पाठवलं तर शुल्कातच बुडाल. मी हिशेब असा करतो: हे कार्ड मला वाटतं त्यापेक्षा एक दर्जा खाली आलं, तरी शुल्क, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा वजा जाता न ग्रेड केलेल्या कार्डापेक्षा जास्त उरेल का? उरत असेल तरच पाठवायचं. 10 आलं तरच फायदा होईल असं कार्ड म्हणजे लॉटरीचं तिकीट, आणि जंक वॅक्समधली बहुतेक कार्डं याच वर्गात मोडतात. त्यातल्या 9 दर्जाच्या स्लॅबची किंमत कित्येकदा शुल्काएवढीही नसते. 1986 च्या आधीच्या मोठ्या नावांचं गणित वेगळं आहे. तिथे 5 किंवा 6 आलं तरी ग्रेडिंग फेडतं, कारण खरेदीदार कार्ड अस्सल असल्याच्या आणि त्याला कुणी हात लावलेला नसल्याच्या खात्रीचे पैसे देतो. तुमच्या संग्रहातून दहा ते वीस कार्डं पाठवण्यालायक निघाली तर मला नवल वाटणार नाही. पन्नास निघाली असं वाटलं तर भिंग घेऊन पुन्हा बसा. आपल्या कार्डाचे कोपरे आपल्याला नेहमीच जास्त टोकदार दिसतात.

कंपनी कुठली? विकण्यासाठी म्हणाल तर पीएसएच्या स्लॅबला सर्वसाधारणपणे सर्वांत जास्त गिऱ्हाईक आहे. जुन्या कार्डांसाठी एसजीसीही चालते. वर सांगितलेला मँटल एसजीसीच्याच स्लॅबमध्ये होता, दर्जा 9.5. लागणारा वेळ मात्र धरून चाला. 2021 च्या मार्चअखेरीस पीएसएकडे इतकी कार्डं साचली की त्यांनी स्वस्त सेवा काही काळ बंदच ठेवल्या. पैशांची घाई असेल तर ग्रेडिंगच्या नादी लागू नका.

इतकं झालं की व्यापाऱ्याकडे परत जा. व्यापारी झटपट विकता येतील अशा कार्डांना बाजारभावाच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत रक्कम देतो, फार मागणी असलेल्याला त्याहून जास्त. सामान्य कार्डांना जवळपास काहीच देत नाही. हे लुटणं नव्हे. दुकानाचं भाडं, अडकलेलं भांडवल आणि महिनोन्महिने पडून राहणारा माल त्याला त्यातूनच भागवायचा असतो. पण त्याला रक्कम फोडून मागा: या साठ कार्डांचे किती आणि उरलेल्याचे किती? जो व्यापारी फोडून सांगायला तयार होत नाही, त्याची उक्ती रक्कम मी घेत नाही. आणखी दोघांना विचारा. प्रदर्शनात टेबलं लावलेली असतात, तिथे एका सकाळीत तीन भाव मिळतात.

सौदा करताना सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मलई आधी विकून मोकळं होऊ नका. व्यापाऱ्याला फक्त वरची कार्डं हवी असतात. ती त्याने उचलली की उरलेली हजारो कार्डं न्यायला कुणीच येणार नाही, आणि ती तुमच्या घरात वर्षानुवर्षं जागा अडवतील. दोनच मार्ग चांगले. एक, वरची वीस-पंचवीस कार्डं स्वतः विकायची आणि मधल्या थरातली दोन-चार बऱ्यापैकी कार्डं उरलेल्या ढिगात मुद्दाम ठेवून तो ढीग उक्ता द्यायचा. त्या दोन-चारांसाठी व्यापारी बाकीचं उचलून नेतो. दोन, सगळं एकत्रच द्यायचं, पण निवड तुम्ही केलेली असल्यामुळे वरच्या कार्डांच्या भावावर ठाम राहायचं. तुम्हाला मी पहिला सुचवेन.

पूर्ण संच असतील तर ते फोडायचे का, यावर भांडणं होतात. माझं मत: 1975 सारख्या संचातून ब्रेट, यूंट, नोलन रायन, हँक ॲरन ही नावं सुटी विकावीत आणि उरलेला 'सुरुवातीचा संच' म्हणून एकत्र द्यावा. असा अपुरा संच घेऊन तो स्वतः पुरा करण्यात रमणारे लोक भरपूर आहेत. 1987 नंतरचे कारखान्यातून सीलबंद आलेले संच मात्र फोडून काही हाती लागत नाही.

स्वतः विकायची कार्डं कुठे विकायची हे कार्डावर ठरतं. ज्याचे दर आठवड्याला अनेक व्यवहार होतात, ते ईबेवर लिलावात टाकलं तरी बाजारभाव येतो. ज्याला मोजकेच गिऱ्हाईक आहेत, ते ठरीव किंमत लावून आणि ऑफर उघडी ठेवून वाट पाहावी. लिलावात टाकलंत तर नेमक्या त्या आठवड्यात तो एक माणूस झोपलेला असतो. शुल्क कापून हातात काय येतं ते बघा. विक्रीच्या रकमेतून एक अष्टमांशाच्या आसपास भाग त्यातच जातो. खरंच मोठं काही निघालं, म्हणजे अखंड बर्ड-जॉन्सन उच्च दर्जाचं, तर हेरिटेज किंवा गोल्डिनसारख्या लिलावगृहाशी बोला. ते खरेदीदाराकडूनही अधिभार घेतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या कमिशनवर घासाघीस करायला जागा असते. विचारल्याशिवाय ते कमी करणार नाहीत. बेसबॉलला हंगाम सुरू होण्याच्या सुमारास उठाव असतो, आणि हॉल ऑफ फेमची, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानयादीची, निवड जानेवारीत जाहीर होते. निवडीची चर्चा चालू असताना विकावं, समारंभाची वाट पाहू नये.

न उघडलेल्या पेट्या न उघडताच ठेवा. आतल्या कार्डांपेक्षा ती उघडण्याच्या उत्सुकतेला जास्त भाव असतो. 1990 सालच्या पेट्या असतील तर फार अपेक्षा नको. 1986-87 ची फ्लिअर बास्केटबॉलची पेटी निघाली तर आधी कुणाला सांगू नका, तपासून घ्या. वेष्टन पुन्हा चिकटवून विकणारे महाभाग या धंद्यात आहेत, आणि तपासणीसुद्धा चुकते. 2022 च्या जानेवारीत लोगन पॉल या यूट्यूबरने 35 लाख डॉलरला घेतलेली, तज्ज्ञांनी खरी ठरवलेली पोकेमॉनची पेटी उघडली, तर आत जी. आय. जो या भलत्याच मालिकेची कार्डं. तुमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे: काकांनी ती केव्हा घेतली याची पावती किंवा जुनं पत्र सापडलं तर पेटीसोबत जपा. खरेदीच्या इतर पावत्याही ठेवा, कर भरायची वेळ आली की मूळ किंमत दाखवावी लागते, आणि वारशाने आलेल्या वस्तूंना नियम वेगळे असू शकतात.

पाठवताना: कार्ड आधी प्लास्टिकच्या पातळ स्लीव्हमध्ये (पिशवीत), मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या खोळीत, तोंडाला रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी, तिचं एक टोक दुमडून. नेहमीची पारदर्शक टेप लावलीत तर ती काढताना कार्ड निसटून कोपरा जातो. मग दोन पुठ्ठ्यांमध्ये आवळून बुडबुड्यांच्या पाकिटात. महागडं असेल तर खोक्यात, विमा आणि पोच-सही घेऊन. ग्रेडिंगला पाठवताना मात्र टॉपलोडर नको, कंपन्यांना लवचिक अर्धकडक होल्डर लागतो. पैसे खात्यात पूर्ण जमा झाल्याशिवाय काहीही हलवू नका, आणि रक्कम 'चुकून जास्त गेली, उरलेली परत पाठवा' म्हणणाऱ्याचा व्यवहार तिथेच थांबवा. स्लॅबचा प्रमाणपत्र क्रमांक आणि कार्डाच्या दोन्ही बाजू पॅक करताना व्हिडिओत घ्या. वस्तू परत आली तर खोकं उघडतानाही कॅमेरा चालू ठेवा आणि पैसे परत करण्याआधी तोच क्रमांक व तेच ओरखडे जुळवून बघा.